विश्लेषण : हेल्मेटवरचा कॅमेरा… आधी किती उड्या?

विमानाचे दार उघडते, खाली ढगांचे पुंजके दिसतात, क्षणभर सगळे उलटेपालटे होते आणि मग वाऱ्याचा घोंगाट. स्कायडायव्हिंगचे असे रील फोनवर रोज डोळ्यांखालून जातात. ते पाहून उडी मारायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. परदेशात जाऊन परवाना घेणाऱ्या भारतीय तरुणांना परत येताना दोन गोष्टी हव्या असतात : परवाना आणि हेल्मेटवर बसणारा कॅमेरा. पण या खेळात पॅराशूट आधी येते आणि कॅमेरा बराच नंतर. तो कधी लावावा, कसा निवडावा, कुठे बसवावा आणि कधी लावूच नये, याचे हे विश्लेषण.

२०० उड्यांची अट काय आहे?

अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजे यूएसपीए, या संस्थेचे परवाने जगभरातील बहुतेक ड्रॉप झोनवर ओळखले जातात. तिचे चार टप्पे आहेत. किमान २५ उड्यांनंतर ए, ५० नंतर बी, २०० नंतर सी आणि ५०० नंतर डी परवाना. कॅमेरा घेऊन उडी मारण्याआधी सी परवाना असावा, म्हणजेच किमान २०० उड्या झालेल्या असाव्यात, अशी या संस्थेची शिफारस आहे. त्यातही ज्या पॅराशूटवर कॅमेरा घेऊन उडी मारायची, त्याच पॅराशूटवर अलीकडच्या काळात ५० उड्या झालेल्या असाव्यात, असे ती सांगते. ही कायद्याची सक्ती नाही. मात्र अनेक ड्रॉप झोन ती नियमासारखीच पाळतात. नवा ए परवाना दाखवून हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्याला तिथे विमानात बसू दिले जात नाही.

दीडशे ग्रॅमचा कॅमेरा इतका धोकादायक कसा?

नवशिक्याचा युक्तिवाद ठरलेला असतो. ‘पूर्वीचे कॅमेरे जड होते, म्हणून नियम केला. आताचा गोप्रो साबणाच्या वडीएवढा. तो लावल्याने काय बिघडते?’ वजनापुरते हे बरोबर आहे. पण धोक्याची मोठी कारणे तीन आहेत आणि वजन त्यात नाही.

पहिले कारण, अडकणे. पॅराशूट उघडताना पाठीवरच्या पिशवीतून बारीक पण कमालीच्या मजबूत दोऱ्यांचा झुबका सुटतो. उडी मारणारा तेव्हा नीट पालथा, स्थिर असेल तर दोऱ्या डोक्यापासून लांब राहतात. तो कलंडलेला असेल, गिरकी घेत असेल, तर त्या डोक्याजवळून जातात. गुळगुळीत हेल्मेटवरून दोरी घसरून जाते. हेल्मेटवर दोन इंच उंच खुंटी उभी असेल तर तिथे अडकते. खुंटी ५० ग्रॅमची आहे की ५०० ग्रॅमची, याच्याशी दोरीला देणेघेणे नसते. शिवाय कलंडलेल्या स्थितीत पॅराशूट उघडण्याची शक्यता नवशिक्याच्या बाबतीतच जास्त असते.

दुसरे कारण, लक्ष. पालथ्या स्थितीत फ्रीफॉलचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. या वेगाने १,००० फूट जायला सहा सेकंदही लागत नाहीत. यूएसपीएच्या नियमांनुसार ए परवानाधारकाने ३,००० फुटांच्या खाली जाण्याआधी मुख्य पॅराशूट उघडायला हवे. तिथून जमीन उरते १७ सेकंदांवर. १३ हजार फुटांवरून उडी मारली तर हाताशी एकूण ६० सेकंदांच्या आसपासचा फ्रीफॉल येतो. त्यात उंची पाहणे, आजूबाजूच्या माणसांपासून दूर होणे, हात हलवून इशारा देणे आणि पॅराशूट उघडणे, हे सगळे बसवायचे असते. ‘रेकॉर्डिंग सुरू आहे ना?’ हा एक प्रश्न मनात आला आणि सहा सेकंद त्यात गेले, तर १,००० फूट गेले.

तिसरे कारण क्वचित बोलले जाते. कॅमेरा असला की माणूस उडीची आखणी बदलतो. मित्राच्या आणखी जवळ जातो, चौकटीत तो नीट यावा म्हणून खाली किंवा वर सरकतो, शेवटचा शॉट मिळावा म्हणून दूर व्हायला उशीर करतो. फ्रीफॉलमध्ये दुसऱ्याच्या थेट वर किंवा खाली असताना पॅराशूट उघडले तर दोघेही संकटात येतात. रील पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

अनुभवी माणसाचीही चूक होते का?

होते. हवेतील चित्रीकरणाचा इतिहास गोप्रोपेक्षा खूप जुना आहे. अमेरिकेतील कार्ल बोनिश हा पेशाने इंजिनीअर. १९६९च्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटासाठी त्याने हवेतील चित्रण केले. हेल्मेटवर फिल्मचे कॅमेरे बसवून उडी मारणाऱ्या पहिल्या पिढीतला तो माणूस. त्या काळी हे काम मोजके कसलेले लोक करत. मानेवर काही किलोंचा भार घेऊन उडी मारायची तयारी दुसऱ्या कोणाची नसे. वजनानेच नवशिक्यांना दूर ठेवले होते.

१९८८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात ८०० हून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक स्कायडायव्हर प्रशिक्षक आणि विद्यार्थी यांचे चित्रीकरण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हते. अंगावर चित्रीकरणाचे जड सामान होते. त्या वजनामुळे आणि शूटिंगच्या विचारात असल्यामुळे पॅराशूट नसल्याचे त्याच्या ध्यानात आले नसावे, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. त्याचा मृत्यू झाला. ८०० उड्या मारलेल्या माणसाच्या डोक्यात कॅमेरा एवढी जागा व्यापू शकतो, तर ४० उड्या मारलेल्याचे काय?

२००४ मध्ये मनगटावर बांधायच्या फिल्म कॅमेऱ्यापासून गोप्रोची सुरुवात झाली. पाच-सहा वर्षांत कंपनीने एचडी व्हिडिओ खिशात मावेल एवढ्या डबीत आणला. वजनाचा अडसर गेला. बाकीचे तिन्ही धोके मात्र आहेत तिथेच राहिले.

हेल्मेट कसे निवडावे?

आधी हेल्मेट, मग कॅमेरा, हा क्रम चुकवू नये. मोटारसायकलचे, सायकलचे किंवा ट्रेकिंगचे हेल्मेट इथे चालत नाही. त्यांच्या कडा, हवेची छिद्रे आणि पट्टे दोरी अडकण्यासाठी जणू आमंत्रणच असतात. स्कायडायव्हिंगची हेल्मेट दोन प्रकारची मिळतात : तोंड उघडे असलेली आणि काचेसह पूर्ण चेहरा झाकणारी. कुकी, टॉनफ्लाय, बोनहेड ही या क्षेत्रातील परिचित नावे. त्यांच्यापैकी काही हेल्मेट कॅमेऱ्यासाठीच बनवलेली असतात. त्यांचा माथा किंवा बाजू सपाट असते आणि माउंट त्यात खोलगट बसतो.

खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात. एक, माप. मान जोरात हलवली तरी हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये. कॅमेरा लावल्यावर सैल हेल्मेट डोळ्यांवर येते. दोन, आघात सोसण्याची क्षमता. बाजारातील प्रत्येक स्कायडायव्हिंग हेल्मेटची आघाताची चाचणी झालेली नसते. अनेक कॅमेरा हेल्मेट म्हणजे केवळ फायबरचे कवच आणि आत पातळ अस्तर. कोणत्या मानकाची चाचणी झाली आहे, हे विक्रेत्याला विचारावे. तीन, कानाजवळ आवाजी अल्टिमीटर बसवायला खाच हवी. ठरलेल्या उंचीवर तो कानात वाजतो. कॅमेऱ्यात गुंतलेल्या माणसाला त्याची सर्वाधिक गरज असते. अर्थात, मनगटावरच्या अल्टिमीटरला तो पर्याय नव्हे. चार आणि सर्वात महत्त्वाचे, हेल्मेट एका हाताने, एका ओढीत सुटले पाहिजे. याला कटअवे म्हणतात. हनुवटीच्या पट्ट्याला जोडलेली मूठ ओढली की पट्टा सुटतो आणि अडकलेल्या दोरीसह हेल्मेट डोक्यावरून निघून जाते.

कॅमेरा कुठे बसवावा?

माथ्यावर, बाजूला किंवा हनुवटीवर, अशा तीन जागा आहेत. माथ्यावरचा कॅमेरा नजरेच्या रेषेत राहतो, पण दोऱ्यांच्या वाटेत सर्वात आधी तोच येतो. बाजूचा कॅमेरा उंची वाढवत नाही, मात्र भार एका बाजूला येतो आणि खांद्यावरच्या जाड पट्ट्यांना तो घासू शकतो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटच्या हनुवटीवर लावलेला कॅमेरा मध्यरेषेत राहतो. तरी खाली पाहताना छातीवरच्या मुठी झाकल्या जात नाहीत ना, हे आरशासमोर तपासले पाहिजे. आणीबाणीत हात जायचा असतो तो त्या मुठींकडेच.

जागा कोणतीही असो, तत्त्व एकच : उंची कमी, कडा गोल, फट शून्य. कॅमेऱ्यासोबत डब्यात येणारा लांब दांड्याचा आणि स्क्रूचा माउंट सायकलसाठी ठीक असतो, आकाशासाठी नव्हे. कॅमेरा आणि हेल्मेट यांच्यात दोरी शिरेल एवढी फट असेल तर ती बुजवावी. कॅमेरा पडू नये म्हणून त्याला गोफ बांधण्याची सवय इतर खेळांत चांगली असेल. इथे तो गोफ म्हणजे दोरी अडकवणारा आणखी एक फास. चिकटपट्टीचा माउंट असेल तर पृष्ठभाग स्वच्छ करून, चिकटवल्यावर किमान २४ तास तसाच ठेवावा. आदल्या रात्री हॉटेलात चिकटवून सकाळी उडी मारू नये. घरी एक सोपी चाचणी करता येते. हेल्मेट घालून मित्राला नायलॉनची बारीक दोरी चारही बाजूंनी डोक्यावरून ओढायला सांगावे. जिथे अडकेल, तिथे काम बाकी आहे.

मानेवर किती भार येतो?

यामागचे गणित शाळेतलेच आहे. पॅराशूट नीट उघडले तरी शरीरावर काही क्षण वजनाच्या साधारण तीन ते चार पट बल येते. झटक्याने उघडले तर ते दहापटीच्याही पुढे जाऊ शकते. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा चारपटीत ६०० ग्रॅमचा आणि दहापटीत दीड किलोचा होतो. मान ते सोसते. पण दोन किलोंचा मोठा कॅमेरा आणि लेन्स दहापटीत २० किलोंचे होतात. त्यात मान वळलेली असेल तर दुखापत ठरलेली. वाऱ्याचा दाब वेगळाच. ताशी १९० किलोमीटर वेगात छोट्या कॅमेऱ्याची रुंद बाजू थेट वाऱ्याकडे असेल, तर अर्धा किलोच्या आसपास ढकल बसते आणि बाजूला लावलेला कॅमेरा डोके त्या दिशेला वळवू पाहतो. म्हणूनच व्यावसायिक कॅमेरामन पॅराशूट घडी घालतानाच ते सावकाश उघडेल याची काळजी घेतात आणि उघडताना मान सरळ ठेवतात. मोठा कॅमेरा वापरणारे जिभेने किंवा दाताने दाबायचा स्विच लावतात, कारण उडण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे असतात.

कोणते सेटिंग ठेवावे?

इथे उत्तर दिलासादायक आहे. मागील पाच-सात वर्षांतला कोणताही बऱ्यापैकी अ‍ॅक्शन कॅमेरा पुरतो. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा ३६० यांच्यातला फरक फोनच्या पडद्यावर फारसा जाणवत नाही. ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम, रुंद कोन, स्थिरीकरण चालू, एवढे बहुतेकांना पुरेसे आहे. ३६० अंशांचा कॅमेरा घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. त्याच्या लेन्स दोन्ही बाजूंनी फुगीर असतात, आणि तो दांडीवर लावला तर अडकण्याचा धोका पुन्हा वाढतो.

थंडीचा विचार मात्र करावा. दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जमिनीवर ३२ अंश असेल तर १३ हजार फुटांवर सहा अंशांच्या आसपास असते, आणि त्यात वाऱ्याचा मारा. बॅटरी लवकर उतरते, लेन्सवर बाष्प धरते. बॅटरी पूर्ण चार्ज करून आतल्या खिशात ठेवावी, कॅमेरा वर जाताना लावावा, लेन्स कोरड्या कापडाने पुसावी, आपोआप बंद होण्याचा पर्याय काढून टाकावा.

सर्वात कामाचे सेटिंग मात्र कॅमेऱ्यात नसून सवयीत आहे. दार उघडण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करायचे, सोबत्याकडून लाल दिवा पाहून घ्यायचा, आणि जमिनीवर पाय टेकेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग सुरू झाले नसेल तर ती उडी विनाव्हिडिओ. आणि हे सगळे साहित्याच्या तपासणीनंतर, तिच्याऐवजी नव्हे. आधी पॅराशूटचे पट्टे, मुठी, अल्टिमीटर, मग कॅमेरा.

दोरी अडकलीच तर?

याचे उत्तर हवेत शोधायचे नसते, जमिनीवर पाठ करायचे असते. पॅराशूट नीट उघडले असेल आणि एखादीच दोरी कॅमेऱ्यात अडकली असेल, तर हातात उंची असेपर्यंत ती सोडवण्याचा प्रयत्न करता येतो. पॅराशूट बिघडलेले असेल तर मुख्य पॅराशूट सोडून राखीव उघडावे लागते. पण दोरी हेल्मेटला अडकलेली असताना मुख्य पॅराशूट सोडले, तर ते डोक्याला लटकत राहील आणि राखीव त्यात गुंतेल. म्हणून आधी हेल्मेट सोडायचे. हा निर्णय घ्यायची उंची ठरलेली आहे. यूएसपीएच्या शिफारशीनुसार विद्यार्थी आणि ए परवानाधारकाने २,५०० फुटांपर्यंत निर्णय घेतला पाहिजे. त्याखाली प्रयोग नाही. हेल्मेटची मूठ डोळे मिटून सापडते का, याचा सराव प्रत्येक उडीआधी करावा.

टँडम उडी मारणाऱ्याने स्वतःचा कॅमेरा न्यावा का?

नाही. प्रशिक्षकाला बांधून मारायच्या पहिल्या उडीत पर्यटकाने फोन किंवा कॅमेरा नेऊ नये, आणि बहुतेक ठिकाणी नेऊही देत नाहीत. हातातून सुटलेला दीडशे ग्रॅमचा कॅमेरा ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर येतो. खाली शेत असते, माणसे असतात. टँडमचा व्हिडिओ प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या कॅमेऱ्यातून किंवा सोबत उडी मारणाऱ्या वेगळ्या कॅमेरामनकडून मिळतो. त्याचे पैसे वेगळे पडतात. ते जास्त वाटले तर व्हिडिओ घेऊ नये. मात्र ‘माझाच कॅमेरा लावा’ असा हट्ट धरू नये, आणि जो आयोजक हा हट्ट लगेच मान्य करतो, त्याच्याबद्दल दोनदा विचार करावा.

मग नवशिक्याने आठवण ठेवायची कशी?

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून. २०१८ मध्ये पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. ते दृश्य घराघरांत पोहोचले, कारण नऊवारीतली शीतल त्यात दिसत होती. आपल्या हेल्मेटवरचा कॅमेरा नेमके हेच करू शकत नाही. तो आकाश दाखवतो, जमीन दाखवतो, मित्र दाखवतो. फक्त कॅमेरा लावणारा माणूस त्यात नसतो. शिकणाऱ्यासाठी तर हा मुद्दा अधिकच मोलाचा आहे. पाय वाकडे पडतात की सरळ, हात समान आहेत की नाहीत, कंबर पुढे येते का, हे प्रशिक्षकाच्या व्हिडिओत दिसते. पहिल्या २०० उड्यांत उपयोगाचा व्हिडिओ हा आहे.

भारतात काय व्हायला हवे?

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. स्कायडायव्हिंगसह हवेतील अनेक खेळ त्यात आले. हरियाणात नारनौलजवळ टँडम उड्या होतात. महाराष्ट्रात अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर यापूर्वी शिबिरे झाली आहेत. खेळ वाढणार, हे स्पष्ट आहे. अशा वेळी प्रत्येक आयोजकाने कॅमेऱ्याची अट लेखी आणि ठळक ठेवावी : किमान २०० उड्या, एका ओढीत सुटणारे हेल्मेट, आणि पहिल्या कॅमेरा उडीआधी अनुभवी कॅमेरामनकडून साहित्याची तपासणी.

२०० हा आकडा काही जादूचा नाही, हा आक्षेप योग्य आहे. कोणी दीडशेव्या उडीत तयार असतो, कोणी तीनशेव्यातही नसतो. हवेच्या बोगद्यात तासन्‌तास सराव केलेला तरुण फ्रीफॉलमध्ये अनेक जुन्या लोकांपेक्षा सफाईने उडतो. पण बोगद्यात पॅराशूट उघडत नाही, दोऱ्या सुटत नाहीत, जमीन जवळ येत नाही. ते फक्त उड्या मारूनच शिकता येते. भारतीय तरुणाला उडी महाग पडते, वर्षातून दहा-पंधरा उड्याच मिळतात, तर २०० व्हायला दशकाहून अधिक काळ जाईल, हीही तक्रार खरी आहे. परंतु वर्षाला दहा उड्या मारणाऱ्याचा सराव तुटलेला असतो. अट त्याच्यासाठी सैल नव्हे, कडक हवी.

रील ३० सेकंदांचे असते. ते पाहणाऱ्याला आकाश दिसते, त्यामागच्या २०० उड्या दिसत नाहीत. कॅमेरा विकत घ्यायला हरकत नाही. तो काही दिवस कपाटात राहिला तर बिघडत नाही.